सहा ‘दुर्मीळ’ नाण्यांचा ऑनलाइन लॉट: ठाण्यात घरपोच आलेल्या प्रत्येक नाण्याची तपासणी

एका शॉपिंग ॲपवर ‘१०० टक्के ओरिजिनल, चांदीचे जुने रुपये व शिवकालीन नाणे’ अशा वर्णनाचा सहा नाण्यांचा लॉट ७,४९० रुपयांना होता. पार्सल पाचव्या दिवशी घोडबंदर रोडवर पोचलं. विक्रेत्याचं नाव मुद्दाम देत नाही. याच पद्धतीचे लॉट, तेच फोटो लावून, वेगवेगळ्या नावांनी विकले जातात. एक नाव टाळलं की दुसऱ्याकडे तोच माल मिळतो. त्यामुळे माल ओळखता येणं जास्त महत्त्वाचं आहे.

आधी निकाल सांगतो. सहापैकी तीन नाणी खरी निघाली, पण त्यांत दुर्मीळ एकही नाही. एक नाणं खऱ्या चांदीचं आहे, मात्र त्याचं साल कोरून बदललंय. एक सरळ नकली आहे. सहावं तर मुळात नाणंच नाही. लॉटला पाचपैकी दोन गुण, आणि तेही बहुतांश शिवराईमुळे, म्हणजे शिवकालीन तांब्याच्या नाण्यामुळे.

तपासणीला लागलेलं सामान कुठल्याही घरात जमवता येईल: २०० ग्रॅमपर्यंतचा, ०.०१ ग्रॅम दाखवणारा खिशातला काटा, व्यास-जाडी मोजायचा डिजिटल व्हर्नियर, दहापट भिंग आणि निओडिमियमचं लहान चुंबक. भिंगाच्या बाबतीत एक सावधगिरी बाळगा. ऑनलाइन स्वस्तात मिळणाऱ्या भिंगावर ‘३०x’ छापलेलं असतं, पण प्रत्यक्षात ते दहापटीच्या आसपासच मोठं दाखवतं आणि कडेला चित्र वाकडं करतं. तीन काचांचं ‘ट्रिपलेट’ म्हणून विचारून दहापटीचंच घ्या, नाण्यांना तेवढं पुरतं. व्हर्नियर प्लास्टिकचा किंवा कार्बन फायबरचा बघा. स्टीलचे जबडे चांदीवर रेघ ओढतात आणि नाणं खरं असलं तर ती रेघ तुम्हाला महागात पडते.

काटा बरोबर आहे का, हे तपासायला वेगळं वजन विकत आणायची गरज नाही. २०११ ते २०१८ मधलं दहा रुपयांचं दुरंगी नाणं ७.७१ ग्रॅमचं असतं. फारशी न झिजलेली पाच नाणी एकत्र ठेवली की ३८.५५ यायला हवेत. पाच-सहा शतांश ग्रॅमचा फरक चालतो. त्याहून जास्त आला तर सेल बदला आणि काटा सपाट जागी ठेवून पुन्हा बघा.

आता मुद्द्याचं. ब्रिटिश काळातल्या चांदीच्या रुपयाचं वजन १८३५ च्या कायद्यानं १८० ग्रेन ठरवलं, म्हणजे ११.६६ ग्रॅम. आपला जुना तोळा तो हाच. आजचे सराफ दहा ग्रॅमला तोळा म्हणतात, पण जुन्या रुपयाशी त्याचा संबंध नाही. चांदी बारा भागांत अकरा भाग, म्हणजे ९१.७ टक्के, बाकी तांबं. अर्ध्या रुपयाला ५.८३ ग्रॅम, पावलीला, म्हणजे चार आण्यांना, २.९२ आणि चवलीला, म्हणजे दोन आण्यांना, १.४६. बहुतेक खरेदीदार इथेच थांबतात: काट्यावर ११.६ दिसलं की खूश. पण नकली नाणं बनवणाऱ्याकडेही काटा असतो. वजन जुळवणं त्याच्यासाठी सगळ्यात सोपं काम आहे, तो फक्त जाडी थोडी वाढवतो. वजन आणि आकारमान दोन्ही एकाच वेळी जुळवणं मात्र त्याला सहसा जमत नाही, कारण शिसं सोडलं तर नेहमीचे स्वस्त धातू चांदीपेक्षा हलके असतात. म्हणून पाण्यातलं वजन बघायचं.

पद्धत अशी. काचेच्या छोट्या पेल्यात दोन-तीन बोटं पाणी घ्या, पेला काट्यावर ठेवा आणि काटा शून्यावर आणा. नाणं आधी कोरडं मोजून ठेवलेलं असावं. आता शिवणाच्या बारीक दोऱ्याचा फास करून नाणं त्यात अडकवा आणि पाण्यात पूर्ण बुडवा. ते तळाला किंवा बाजूला टेकता कामा नये, हातातल्या दोऱ्यावर अधांतरी राहिलं पाहिजे. काट्यावर जो आकडा येईल तो नाण्यानं बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन, म्हणजेच नाण्याचं आकारमान. कोरड्या वजनाला या आकड्यानं भागलं की घनता मिळते. खऱ्या रुपयाला पाण्यातला आकडा १.१३ च्या आसपास येतो आणि घनता १०.३ च्या जवळ. तांबं-निकेलच्या गिलटाला किंवा जर्मन सिल्व्हरला आकडा १.३० च्या पुढे जातो आणि घनता ८.६ ते ८.९ मध्ये अडकते. पितळ साधारण साडेआठ, जस्त ७.१, कथिल ७.३.

यात चुका कुठे होतात, तेही बघा. पंखा चालू असेल तर काटा स्थिर राहत नाही, दुसरा दशांश नाचत राहतो. पाच मिनिटं पंखा बंद करून घाम सोसा. नाण्याच्या दातेरी कडेत हवेचे बुडबुडे अडकले की आकारमान जास्त दिसतं आणि खरं नाणं खोटं ठरतं. पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाका आणि नाणं बुडवून हलकेच हलवा, बुडबुडे सुटतात. जाड दोरा घेतला तर तोही पाणी बाजूला सारतो. तीन वेळा मोजून मधला आकडा धरा. रुपयाला ०.०२ ग्रॅमची चूक झाली तरी घनता १०.१ ते १०.५ मध्येच राहते, निष्कर्ष बदलत नाही. चवलीला मात्र ही चाचणी लावू नका. तिचं आकारमानच ०.१४, त्यात ०.०२ ची चूक म्हणजे उत्तर काहीही येऊ शकतं.

आता एकेक नाणं.

१८६२ चा राणीछाप रुपया. जाहिरातीत ‘दुर्मीळ डॉट व्हरायटी’. व्हिक्टोरियाच्या रुपयावर १८६२ हे साल पुढे बरीच वर्षं, १८७४ मध्ये खरी सालं छापायला सुरुवात होईपर्यंत, गोठवलेलं होतं. मुंबईच्या टांकसाळीनं प्रत्यक्ष वर्ष ओळखता यावं म्हणून बारीक ठिपके वाढवत नेले. ठिपक्यांच्या काही जोड्या खरोखर कमी मिळतात आणि त्यांना किंमत येते. जाहिरातीच्या फोटोत ठिपके होते. आलेल्या नाण्यावर एकही नाही. वर्णनात शेवटी बारीक अक्षरांत ‘फोटो प्रातिनिधिक आहे’ असं लिहिलं होतं. नाणं स्वतः खरं आहे: कोरडं ११.५२, पाण्यात १.१२, घनता १०.२९. झीजही खरी. गालाचा उंचवटा आणि कानावरचे केस सपाट झालेत, पण अक्षरांच्या मुळाशी कडा अजून धारदार आहेत. वापरानं नाणं असंच झिजतं, उंच भाग आधी, खोलगट जागा शेवटी. हे साधं, भरपूर मिळणारं नाणं आहे. चांदीच्या भावानं धरा. ठिपकेवाला कधी घ्यायचाच झाला तर ठिपक्याच्या भोवती भिंगातून बघा. ठशातून आलेला ठिपका बुडाशी पसरलेला असतो आणि त्याचा रंग आजूबाजूसारखाच. नंतर बसवलेल्या ठिपक्याभोवती बारीक खळगा किंवा वेगळ्या रंगाचं वलय दिसतं.

१८३५ चा विल्यम राजाचा रुपया. हा नकली. काट्यावर ११.६३, अगदी हवं तसं. व्यासही ३०.५ मिलिमीटरच्या आसपास. पाण्यात १.३१, घनता ८.८८. म्हणजे गिलट, वर चांदीचं पाणी दिलेलं. भिंगाखाली तर हा रुपया धड्यासारखा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मैदानात, म्हणजे चित्र आणि अक्षरं सोडून जी सपाट जागा असते तिथे, सुईच्या टोकाएवढी बारीक छिद्रं आहेत. साच्यात ओतलेल्या धातूत वायू अडकला की अशी छिद्रं राहतात. ठशाखाली दाबलेल्या नाण्यात ती येत नाहीत. अक्षरांच्या कडा साबणाच्या वापरलेल्या वडीसारख्या गोल आहेत आणि ही गुळगुळीत झीज सगळीकडे सारखी आहे, गालावर जेवढी तेवढीच अक्षरांच्या कोपऱ्यातही. खरा रुपया असा कधीच झिजत नाही. मानेच्या खालच्या छेदावर ‘आर.एस.’ किंवा ‘एफ’ ही आद्याक्षरं असतात, इथे नुसता अस्पष्ट फुगवटा आहे. कड आडवी धरून फिरवली तर एका जागी तीन-चार दात कानशीनं घासलेले दिसतात. साच्याचे दोन भाग जिथे जुळतात तिथे शिवण येते, ती लपवायला हे केलंय. आणि सगळ्यात पक्का पुरावा: राजाच्या हनुवटीखाली तिरकी छोटी खरचट आहे, आणि त्याच विक्रेत्याच्या १८३५ च्या आणखी दोन जाहिरातींतल्या नाण्यांवर ती खरचट त्याच जागी, तशीच आहे. वेगवेगळी नाणी जुन्या काळात खिशात फिरली असती तर प्रत्येकाच्या खरचटी वेगळ्या असत्या. एकच नाणं साचा करायला वापरलं की त्याचे ओरखडेसुद्धा सगळ्या पिलावळीत उतरतात. त्यामुळे विकत घेण्याआधी त्याच विक्रेत्याची तीच नाणी शेजारी-शेजारी उघडून बघा. हे फुकट आहे आणि मोबाईलवर जमतं.

काळपट डागांचंही तसंच. नकली नाण्याला जुनं दाखवायला खोलगट जागी काजळी, बूटपॉलिश किंवा रंग भरतात. कापसाच्या काडीला शुद्ध ॲसिटोन लावून हलकेच टेकवलं तर हे काळं कापसावर येतं. चांदीचा वर्षानुवर्षांचा काळेपणा गंधकाशी झालेल्या संयोगाचा असतो, तो ॲसिटोननं हलत नाही. नेलपॉलिश रिमूव्हर चालणार नाही. त्यात तेल आणि सुगंध असतो आणि नाण्यावर पातळ थर राहतो. १८३५ च्या या रुपयावरचं काळं दोन मिनिटांत निघालं आणि खाली नवं पांढरं चकचकीत मैदान दिसलं.

१९११ चा पंचम जॉर्जचा रुपया. हाच लॉटचा मुख्य आकर्षणबिंदू, आणि सर्वांत शिकण्यासारखा. १९११ च्या रुपयावर राजाच्या अंगावरच्या वस्त्रावर हत्ती आहे. त्याची सोंड इतकी आखूड पडली की तो डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली. बहुतेक नाणी मागे घेऊन वितळवली गेली आणि १९१२ पासून हत्ती नव्यानं काढला, सोंड नीट लांब. म्हणून १९११ ला भाव आहे. आमच्या लॉटमधलं नाणं चांदीच्या परीक्षेत पास होतं: ११.५८, पाण्यात १.१३, घनता १०.२५. आवाजही छान लांब वाजतो. कड नीट. इथवर समाधानानं थांबलं असतं कुणीही. मग भिंग हत्तीवर न्यायचं. हत्तीची सोंड लांब आहे. म्हणजे हे नाणं १९१२ किंवा त्यानंतरचं असायलाच हवं, मागे साल काहीही असो. साल बघितलं तर शेवटच्या १ च्या डोक्याशी मैदानाचा पोत बदललाय, आजूबाजूला बारीक समांतर ओरखडे आहेत आणि तेवढी जागा किंचित खोल आहे. अंक उभा आहे, पण खाली जरा डावीकडे झुकलेला. हा मुळात १९१७ चा रुपया आहे. ७ ची वरची आडवी रेघ कोरून काढली. १९१७ चे रुपये मुबलक मिळतात, त्यामुळे हा उद्योग परवडतो. पाण्याची चाचणी, सराफाचं मशीन, कुठलंही वजन इथे काही पकडू शकत नाही, कारण चांदी अस्सल आहे. पकडतो फक्त हत्ती. साल बदलता येतं, पण सालाबरोबर बदललेलं चित्र बदलता येत नाही. दुर्मीळ साल विकत घेताना त्या सालाला चित्रात आणखी काय वेगळं असतं हे आधी विचारा.

याच विक्रेत्याकडे १९३९ चा सहाव्या जॉर्जचा रुपया स्वतंत्र विकायला होता, ४,५०० रुपयांना. तो घेतला नाही. १९३९ हा भारताच्या नाण्यांतला अत्यंत दुर्मीळ रुपया. खरा असता तर ४,५०० ला कोणी दाखवलाही नसता. तो दोन मार्गांनी बनवतात. एक म्हणजे १९३८ च्या रुपयाचा ८ कोरून ९ करणं. त्याची चांदी ९१.७ टक्केच असते, कड साधी दातेरीच असते, म्हणून घनता पास होते. तिथे ९ च्या खालच्या डाव्या बाजूला भिंग लावायचं. दुसरा मार्ग १९४० ते १९४५ मधल्या रुपयावर हात मारण्याचा. त्या नाण्यांत चांदी फक्त ५० टक्के, घनता साडेनऊच्या आसपास, आणि कडेवर साध्या दातांऐवजी मध्ये खाच असलेली ‘सिक्युरिटी’ कड. हा प्रकार पाण्यातही पकडला जातो आणि नुसत्या कडेवरूनही. विक्रेता कडेचा फोटो द्यायला टाळाटाळ करत असेल तर कारण बहुतेक हेच असतं.

१९४७ चा रुपया, वाघाचा. हा शुद्ध निकेलचा, २८ मिलिमीटरचा. निकेल चुंबकाला चिकटतं, आणि इथे चिकटायलाच हवं. ‘चुंबकाला चिकटलं म्हणजे खोटं’ हा मंत्र चांदी-तांब्यापुरताच खरा आहे. उलट १९४७ चा रुपया चुंबकाला चिकटला नाही तर शंका घ्या. लॉटमधलं नाणं खरं आहे, पण ‘दुर्मीळ’ हा शब्द त्याला शोभत नाही, ते सहज मिळतं.

चांदीच्या नाण्यावर चुंबक वापरायची योग्य रीत वेगळी आहे. नाणं साधारण ४५ अंशात तिरकं धरून वर चुंबक सोडायचं. अस्सल चांदीवरून ते सावकाश, जणू मधातून घसरल्यासारखं खाली येतं, कारण चांदीत विद्युतप्रवाह निर्माण होऊन चुंबकाला रोखतो. गिलटावरून ते सट्कन खाली पडतं. तांब्यावरूनही हळूच घसरतं, त्यामुळे चांदीचा मुलामा दिलेलं तांबं यात सुटू शकतं. म्हणून हा निकाल एकट्यानं धरू नका.

‘१८१८ ईस्ट इंडिया कंपनी, अर्धा आणा, राम दरबार’. हे नाणं नाही, शोभेचं टोकन आहे. राम-लक्ष्मण-सीता, हनुमान, गणपती असलेली १६१६, १७१७, १८१८ किंवा १८३९ अशी सालं टाकलेली ही पितळी किंवा तांब्याची बिल्ले कंपनीनं कधी पाडली नाहीत. कंपनीच्या १८३५ च्या तांब्याच्या पाव आण्यावर आणि अर्ध्या आण्यावर तिचं राजचिन्ह असतं, सिंह आणि ‘ऑस्पिसिओ रेजिस एट सेनाटस अँग्लिए’ हे ब्रीद. पाव आणा साधारण ६.४८ ग्रॅम, अर्धा आणा १२.९५. देवांची चित्रं त्यावर नाहीत. असं टोकन देवघरात ठेवायला हरकत नाही, पण त्यासाठी शंभराच्या पुढे द्यायला हरकत आहे. आणि कुणी तांब्याचं जुनं टोकन तांदळाचे दाणे ओढून घेतं, त्यात ‘शक्ती’ आहे, परदेशी कंपनी कोट्यवधी देते असं सांगायला लागलं तर फोन ठेवा. ‘राइस पुलर’ नावाची ती जुनी फसवणूक आहे आणि त्यात लोकांनी घरं गमावली आहेत.

शिवराई. या लॉटमधली सर्वांत चांगली गोष्ट. एका बाजूला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’, दुसरीकडे दोन ओळींत ‘छत्र पति’. वजन ९.१२, पाण्यात १.०३, घनता ८.८५, म्हणजे तांबं. अक्षरं अर्धवट आहेत: ‘श्री’चा वरचा भाग आणि ‘पति’चा शेवट चकतीच्या बाहेर गेलाय. नवख्याला हा दोष वाटतो, पण तो अस्सलपणाचा भाग आहे. ठसा मोठा आणि चकती लहान, हातानं कापलेली, त्यामुळे संपूर्ण लेख असलेली शिवराई कमीच. कड वेडीवाकडी, गोलाई अपुरी, जाडी एका बाजूला कमी. नकली शिवराई उलट फार नीटनेटकी असते: अचूक गोल, मजकूर पूर्ण, कड यंत्रावर कापल्यासारखी. शिवराई तांब्याची मोठ्या प्रमाणात पाडली गेली आणि एकोणिसाव्या शतकातही चालत राहिली, म्हणून साधी शिवराई आजही आवाक्यात आहे आणि तिची नक्कल करायचा फारसा फायदा नाही. नक्कल होते ती शिवरायांच्या सोन्याच्या होनाची. होन पावणेतीन ग्रॅमच्या आसपासचा, आणि खरे होन हातावर मोजण्याइतकेच ज्ञात आहेत. ऑनलाइन पाच-दहा हजारांना ‘शिवराई होन’ दिसला तर तो खरा असण्याचा प्रश्नच नाही. पुरातन वाटणारी लाल-तपकिरी साय घासून चकचकीत करू नका, चिंच-लिंबू तर बिलकूल नाही. शिवराईची अर्धी किंमत त्या सायीत असते.

किमतीचा हिशोबही चाळणीसारखा वापरता येतो. चांदीच्या रुपयात ११.६६ गुणिले ०.९१७, म्हणजे सुमारे १०.७ ग्रॅम शुद्ध चांदी. समजा त्या दिवशी चांदी ग्रॅमला १५० रुपये आहे, तर फक्त धातूचेच १,६०० होतात. कुणी ‘अस्सल राणीछाप’ ५९९ ला देत असेल तर तो धातूच्या निम्म्याहून कमी भावात देतोय, आणि असं कुणी करत नाही. हा हिशोब त्या दिवशीच्या भावानं करायचा.

शंका उरलीच तर सराफाकडे जा. नौपाड्यात, गोखले रोडला किंवा राम मारुती रोडला अनेक दुकानांत सोनं तपासायचं मशीन असतं. वाशीकडेही असतं. मात्र हे मशीन पृष्ठभागच वाचतं, केसाच्या जाडीहून कमी खोलीपर्यंत. जाड मुलामा असला तर ते ९९ टक्के चांदी दाखवेल, आणि ९९ दिसणं हाच धोक्याचा इशारा समजा, कारण रुपयात ९१.७ टक्केच असायला हवी. जुन्या नाण्याच्या पृष्ठभागावर चांदी थोडी जास्त येऊ शकते, ९४-९५ चालेल. राजाच्या गालावर, जिथे झीज जास्त तिथे, आणि शिवाय कडेवर, अशी दोन-तीन ठिकाणी वाचन घ्यायला सांगा. निकेल किंवा जस्त दिसलं तर १९४० च्या दशकातल्या रुपयाशिवाय कुठल्याही रुपयाला ते शोभत नाही. कसोटीवर घासून किंवा तेजाब टाकून बघू देऊ नका. घासलेल्या कडेचं नाणं संग्राहक परत घेत नाही.

आवाजाची परीक्षा ओट्यावर टाकून करायची नाही. बोटाच्या टोकावर नाणं तोलून लाकडी पेन्सिलीनं कडेला टिचकी मारा. चांदी लांब, स्वच्छ वाजते. शिशाचं मिश्रण घनतेत चांदीशी जुळवता येतं, पण त्याचा आवाज मात्र थप्प येतो. एक अपवाद लक्षात ठेवा. रुपयांच्या माळेतून काढलेल्या नाण्यालाही कधी मंद आवाज येतो, कारण वरच्या कडेला डाग देऊन, म्हणजे झाळून, कडी बसवलेली असते आणि तिथे भेग असू शकते. डाग दिल्याची खूण वरच्या कडेला बघा. विक्रेते फोटोत नेमका तेवढाच भाग कापतात.

मागणी करायची असेल तर घेण्याआधी विक्रेत्याकडून तीन फोटो मागा: नाणं काट्यावर, कड जवळून पूर्ण गोल फिरवत केलेला छोटा व्हिडिओ, आणि नाणं त्या दिवशीच्या वर्तमानपत्रावर ठेवलेलं. तिसऱ्या फोटोनं ‘प्रातिनिधिक फोटो’चा सगळा खेळ संपतो. विक्रेत्यानं ‘शेतात नांगरताना सापडली’ असं सांगितलं तर आणखी सावध व्हा. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून जास्त किमतीची अशी लपलेली ठेव सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी लागते. खरं असेल तर तो गुन्हा लपवतोय, खोटं असेल तर तुम्हाला फसवतोय. वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं लाखोंना विकलं जातं, रिझर्व्ह बँकेचं कमिशन भरा, अशा जाहिरातींबाबत रिझर्व्ह बँकेनं ४ ऑगस्ट २०२१ रोजी स्पष्ट सूचना काढली होती: ती अशा व्यवहारात पडत नाही आणि कुणाकडून शुल्क घेत नाही. अशा माणसाला पैसे गेलेच असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा.

शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या कायद्यानं पुरावस्तू ठरतं, ते देशाबाहेर पाठवता येत नाही. परदेशातल्या मुलाला किंवा नातवाला वाढदिवसाला राणीछाप रुपया कुरियरनं पाठवण्याचा बेत असेल तर रद्द करा.

पॅकिंग: सगळी नाणी एकाच मऊ प्लास्टिकच्या पानात, वासावरून पीव्हीसी. आपल्याकडच्या खाडीकाठच्या दमट हवेत या पानातून हिरवट चिकट थर सुटतो आणि चांदी-तांब्याला चिकटतो. आल्याबरोबर नाणी त्यातून काढा, कागदी पाकिटात किंवा मायलरच्या होल्डरमध्ये ठेवा, डब्यात सिलिका जेलची पुडी टाका.

पार्सल सोसायटीच्या गेटवर वॉचमननं घेतलं तर ‘आधी उघडून बघा’ ही सोय आपोआप जाते. म्हणून खोकं उघडताना सुरुवातीपासून व्हिडिओ काढला, सील दिसेल असा, आणि त्याच व्हिडिओत नाणी काट्यावर ठेवली. परतीला त्याचाच उपयोग झाला. विक्रेत्यानं १८३५ चा रुपया आणि टोकन परत घेतलं, पण १९११ चा घ्यायला नकार दिला, कारण ‘नाणं चांदीचंच आहे’. ई-कॉमर्सचे २०२० चे नियम सांगतात की तक्रार निवारण अधिकाऱ्यानं ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार सोडवायची. पोच आली आहे, महिना अजून संपलेला नाही. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही नोंद केली. त्यात ‘हत्ती १९१२ नंतरचा आहे, साल १९११ आहे’ असं एका ओळीत, दोन मोठे फोटो जोडून लिहिलं. सुटलं नाही तर ठाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. २०१९ च्या कायद्यानं तक्रार आपण राहतो तिथेच करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही.

शिवराई, १८६२ चा रुपया आणि १९४७ चं निकेल ठेवून घेतलं.